विषय: ठाण्यातला भाऊ जेवत नाही, कुणाला अनुभव?

प्रेषक: म., एडिसन, अमेरिका (मूळ ठाणे)

मंडळी, गणपतीच्या वर्गणीच्या धाग्यात हे घुसवत नाही, म्हणून वेगळी मेल. माझा धाकटा भाऊ घोडबंदर रोडला एकटा राहतो, नोकरी ऐरोलीला. वय ३६. ऑटिझमचं निदान तिशीनंतर झालं. आई गेली तेव्हापासून वजन उतरतंय. पोळी-भाजीचा डबा लावून दिला, तो न उघडता परत जातो. बिस्किटं, दहीभात आणि एकाच कंपनीचे वेफर, बस. डॉक्टरांनी विचारलं, "डाएटिंग करतोस का?" हा म्हणाला, "नाही." विषय तिथेच संपला. मामा म्हणतात, लग्न लावून द्या, बायको खाऊ घालेल. काय करू?

प्रेषक: काका, एडिसन

आमच्या पिढीत पानात पडेल ते मुकाट खायचो. लाड बंद कर. भूक लागली की खाईल.

प्रेषक: वि., मेलबर्न (मूळ वाशी)

काका, रागावू नका, पण "भूक लागली की" इथेच सगळा घोळ आहे. मी स्वतः ऑटिस्टिक आहे, पस्तिशीत कळलं. मला भूक पोटात कळत नाही. चिडचिड होते, हात थरथरतात, आणि दुपारी तीनला आठवतं की सकाळपासून काही खाल्लेलं नाही. शरीराच्या आतल्या खुणा ओळखण्याला इंटरोसेप्शन म्हणतात. आमच्यापैकी अनेकांचं ते अंधुक असतं.

म. ताई, तुझी आई रोज ठरल्या वेळी "पान घेतलंय, ये" म्हणत असणार. ती हाक हीच त्याची भूक होती गं. ती गेली. शिवाय कुकर लावणं आपल्याला एक काम वाटतं; त्यात डाळ धुण्यापासून शिट्ट्या मोजण्यापर्यंत दहा कामं असतात, आणि दमून आल्यावर पहिलंच सुरू होत नाही.

बिस्किटांचं म्हणशील तर ती रोज तश्शीच लागतात. भेंडी आज कुरकुरीत, उद्या बुळबुळीत. पोळीवाली बदलली की पोळी बदलते. त्यात ऑफिसचं कँटीन: ट्यूबलाइट, भांड्यांचा आवाज, मायक्रोवेव्हमध्ये कुणाचं तरी सुकट, आणि वर सगळ्यांशी हसून बोलायचं. मी दोन वर्षं जेवणाची सुट्टी जिन्यात काढली.

डॉक्टरांचा प्रश्न चुकीचा नव्हता, अपुरा होता. बारीक व्हायची इच्छा नसतानाही खाणं आक्रसत जातं, त्याला एआरएफआयडी म्हणतात. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत २०१३ मध्ये ते निदान आलं. पण उलटंही घडतं, आमच्यातले काही जण मुद्दाम खाणं तोडतात. अॅनोरेक्सिया (स्वतःला उपाशी ठेवून वजन उतरवण्याचा आजार) आणि ऑटिझमचा काही संबंध आहे का, हा प्रश्न स्वीडनचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर गिलबर्ग यांनी १९८३ मध्येच मांडला होता. ज्युनियर कॉलेजात मीही कॅलरी मोजायचे. आरशासाठी नाही, आकडे जुळले की डोकं शांत व्हायचं. घरी मात्र "फिगर सांभाळतेय" अशी थट्टा.

वजन उतरतंय म्हणजे आधी तपासणी: हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, दात, बद्धकोष्ठता. एडीएचडीची (लक्ष एका जागी न टिकण्याच्या त्रासाची) गोळी चालू असेल तर तेही सांग, त्यातल्या मेथिलफेनिडेट या औषधाने भूक मरते. चक्कर येत असेल तर थांबू नका. आणि आग्रह नको, "माझ्यासाठी एक घास" तर मुळीच नको. जे तीन पदार्थ चालतात तेही अशा आग्रहाने सुटतात.

प्रेषक: म., ठाण्याहून

वि., पोचले. पहिल्यांदाच "का खात नाहीस?" ऐवजी "डबा उघडल्यावर काय होतं?" असं विचारलं. तर वीस मिनिटं बोलला! भाजीचा रस पोळीला लागतो, आणि झाकण उघडताच सगळ्याचा एकच वास येतो. एवढंच. डबेवाल्या मावशींना सांगून भाजी बंद केली. वरण आणि भात वेगवेगळ्या डब्यांत. फोनवर दोन गजर लावलेत, त्यांना नाव त्यानेच दिलं: "पान घेतलंय". चार दिवसांत तीनदा डबा रिकामा परतला. वजन अजून तेवढंच आहे. मामांना सध्या फोन करत नाहीये.

उद्या सकाळी रक्त द्यायला उपाशीपोटी जायचंय. म्हणाला, ते मला जमतं.