मदत हवी आहे: ऑनलाईन लिलावातून जुना कॅमकॉर्डर घेताना काय काय बघू?

मंडळी, घरात हाय८ च्या (जुन्या कॅमकॉर्डरच्या अ‍ॅनालॉग व्हिडिओ कॅसेट) बऱ्याच टेप्स पडून आहेत, त्या कॉम्प्युटरवर घ्यायच्यात पण कॅमेरा कधीच भंगारात गेला, आणि नवीन कोणी बनवत नाही म्हणून लिलावाच्या साईट्स धुंडाळतोय. सोनीचा डिजिटल८ (तशाच टेपवर डिजिटल रेकॉर्डिंग करणारा कॅमकॉर्डर) घ्यावा असं डोक्यात आहे, कारण 1999 ला आलेली पहिली मॉडेल्स जुन्या अ‍ॅनालॉग टेप्सही वाजवतात आणि फायरवायरने (कॉम्प्युटरला जोडायची केबल) सरळ डिजिटल देतात, नंतरच्या काही मॉडेल्समध्ये अ‍ॅनालॉग टेप्स वाजवायची सोय काढून टाकली, त्यामुळे मॉडेल नंबर बघूनच बोली लावणार.

खरी भीती वेगळीच आहे. निम्म्या जाहिरातींत "चार्जर नाही म्हणून चेक केला नाही" असं लिहिलेलं असतं, मला तर ते बंद पडलेल्या मालाचं सभ्य नाव वाटतं! एकाला म्हटलं टेप घालून प्ले करतानाचा व्हिडिओ पाठवा, मेनूचा नको, तर त्याने परत लेन्सचाच चकचकीत फोटो पाठवला. चित्रात चौकोनी ठोकळे दिसले तर हेड (टेप वाचणारा भाग) नुसतं घाण आहे की झिजलंय हे व्हिडिओवरून कळतं का? घाण असेल तर क्लिनिंग टेपने भागेल, झिजलं असेल तर पैसे पाण्यात.

आणि एक विक्रेता म्हणतोय साईटच्या बाहेर पैसे पाठवा, स्वस्तात देतो. त्याला नाहीच म्हणणार, पण "परत घेणार नाही" लिहिलेलं असताना वस्तू वर्णनाप्रमाणे निघाली नाही तर साईटवरून रिफंड खरंच मिळतो का? कोणी भांडून मिळवलाय का?