मदत हवी आहे: पायाला हात न लावता ज्युदोत कलाजंग कसा बसवायचा?

तालमीत कुस्ती करून आता ज्युदो शिकतोय. माझा हुकमी डाव कलाजंग, म्हणजे समोरच्याच्या मांडीत हात घालून त्याला खांद्यांवर आडवा उचलून टाकणं. ज्युदोत तोच काता गुरुमा. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी आपल्याहून वजनदार जोडीदाराला पाडण्यासाठी पाश्चात्त्य कुस्ती अभ्यासून तो घेतला, हे कळल्यावर फार आनंद झाला होता.

अडचण अशी की 2013 पासून आंतरराष्ट्रीय नियमांत उभ्या लढतीत पट्ट्याखाली हाताने पकडता येत नाही. म्हणजे मांडीतला हातच गेला, आणि कलाजंगची निम्मी ताकद त्या हातात असते.

हल्लीचे ज्युदोका उचलत नाहीत. दोन्ही हातांनी एकच बाही धरून खाली घुसतात आणि खांद्यावरून लोळवतात. तसं करून पाहिलं. जोडीदार पुढे येतो, पण पाठीऐवजी पोटावर पडतो, त्यामुळे गुण मिळत नाही. एक हात कॉलरवर ठेवला तर मी खाली जाईपर्यंत जोडीदार मागे सरकतो. सावकाश सरावात जमतं, रांदोरीत (मोकळ्या सराव-लढतीत) नाही.

उजवा गुडघा दुखरा आहे, त्यामुळे दोन्ही गुडघ्यांवर आदळणं शक्य नाही. एक पाय लांब करून बसतो. जोडीदार बहुतेक माझ्याहून उंच, उजव्या पकडीचे. दुसरा डाव कृपया सुचवू नका. धोबीपछाडच्या सवयीवर इप्पोन सेओइ नागे (ज्युदोतली खांद्यावरची फेक) आधीच बसलाय, मला आता कलाजंगच हवाय.

कुस्तीतून ज्युदोत येऊन ज्यांनी हा डाव बसवलाय, त्यांनी सांगावं: बाही खाली ओढायची की आडवी, आणि ती ओढ खाली बसण्याआधी द्यायची की बसता बसता?