साइट सुपरवायझर, सहा वर्षे, पगार २३ हजार: पुढे काय करू?

बार्शीकर२८
नमस्कार मंडळी. २०१९ चा स्थापत्य डिप्लोमा. तेव्हापासून पुण्यात ताथवडे-पुनावळे भागात एकाच बिल्डरकडे आहे. ११ हजारांवर लागलो, आज हातात २३ हजार येतात. पीएफ नाही, सुट्टी अमावास्येची. सकाळी आठला हजेरी घेतो, स्लॅब असला की रात्रीचे दोन वाजतात. सात मजल्यांच्या दोन इमारती पायापासून उभ्या केल्या. घरी लग्नाचं बोलणं चाललंय आणि मुलीकडचे पहिला प्रश्न पगाराचाच विचारतात.

मस्कतला फोरमन म्हणून न्यायला एक एजंट तयार आहे, ९० हजार मागतो. गावाकडचा मित्र म्हणतो, सेंटरिंगचा, म्हणजे स्लॅब ओतायला साचा आणि टेकू उभारायचा, ठेका घेऊ. वडील म्हणतात, सरकारी परीक्षा दे. कोणती वाट धरू?

मोजमापवाली
दादा, आधी हे सांगा, तुमच्या साइटवर ठेकेदारांची बिलं कोण तपासतं?

मीही कोल्हापुरात सुपरवायझर म्हणूनच लागले, १० हजारांवर. चार वर्षं लेबर मोजलं, पाणी मारून घेतलं, चलनांवर सह्या केल्या. पगार वर्षाला हजाराने वाढायचा, कारण एवढंच करणारा माणूस मालकाला उद्या सकाळी दुसरा मिळतो. माझा पगार हलला तो सेंटरिंगच्या एका बिलावर. ठेकेदाराने स्लॅबचा तळ या कडेपासून त्या कडेपर्यंत सरसकट मोजला होता आणि तुळयांचे तळ वेगळे लावले होते. म्हणजे तुळईचा तळ दोनदा. २३ तुळया, सरासरी ४ मीटर लांब, २३० मिलिमीटर रुंद. एका स्लॅबमागे २१ चौरस मीटर जास्त, आणि सातही स्लॅबची बिलं तशीच पास झालेली. ड्रॉइंग टेबलावर पसरून मालकांना दाखवलं. पुढच्या महिन्यापासून बिलिंग माझ्याकडे आलं. आज क्वांटिटी सर्व्हेयर आहे, म्हणजे कामाची मापं आणि बिलं बघते, ५८ हजार मिळतात, साइटवर रोज जाते.

तुम्ही पुढच्या स्लॅबचं बीबीएस, म्हणजे कुठल्या सळया किती लांबीच्या आणि वजनाच्या लागतील त्याचा तक्ता, स्वतः काढा. सळईचं मीटरमागे वजन काढायचं सूत्र, व्यासाचा वर्ग भागिले १६२, तुम्हाला पाठच असणार. पण कटिंगची लांबी, लॅप (दोन सळया एकमेकींवर चढवतात तो भाग), वाकवण्याची वजावट धरून टनांत आकडा काढा आणि सळया बांधणाऱ्या फिटरच्या बिलाशी ताडून बघा. एक्सेलवर हात बसवा. हल्ली मी मुलाखती घ्यायला बसते. '४० घनमीटरच्या स्लॅबला क्यूबचे (काँक्रीटची ताकद तपासायच्या ठोकळ्यांचे) नमुने किती?' असं विचारलं की सहा-सात वर्षं काम केलेली मुलं अडखळतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे चार, प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब. फार वाईट वाटतं, कारण काँक्रीट त्यांनी माझ्याहून जास्त ओतलेलं असतं.

आणि पीएफ सोडू नका. २० किंवा जास्त नोकर असलेल्या ठिकाणी, १५ हजारांच्या आतल्या पगारावर रुजू झालेल्या माणसाला तो लागू होतो. तुम्ही ११ वर लागलात, म्हणजे पहिल्या दिवसापासून कापायला हवा होता. नव्या ठिकाणी हातात किती येणार हे विचारण्याआधी पगाराची स्लिप मिळेल का ते विचारा. गृहकर्जाला बँक तीच मागते.

आखातातून
भावा, ९० हजार देऊ नकोस. नोंदणीकृत एजंटला ३० हजार आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्याचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी साइटवर तपास. करारात मूळ पगार वेगळा आणि राहण्या-जेवणाचा भत्ता वेगळा लिहून घे. व्हिसावर पद काय लिहिलंय ते बघ. फोरमन सांगून गवंड्याच्या व्हिसावर आणलेली दोन पोरं माझ्याच खोलीत राहायची, वर्षभर बोलायची चोरी. पैसा मागे पडतो हे खरं. मी ११ वर्षं ओमानमध्ये आहे, गावात घर बांधलं. पण मुलगा चालायला लागला ते मी फोनवर पाहिलं.

ओळंबा
सेंटरिंगचा ठेका २० वर्षं करतोय. प्लाय, जॅक, स्पॅन हे सामान उधारीवर मिळतं, मजुरांची टोळी मिळत नाही. आधी उचल द्यावी लागते आणि उचल घेऊन टोळी गावी गेली की स्लॅब अडतो. वर बिल्डर प्रत्येक बिलातून काही रक्कम राखून ठेवतो. तीन महिन्यांची मजुरी बाजूला नसेल तर आत्ता हात घालू नका.

अजून एक, मनापासून सांगतो. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) स्लॅबखालचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा. आज हे तुम्ही ठेकेदाराला बजावता. उद्या ठेकेदार झालात आणि माल दुसऱ्या साइटला हवा असला की पाचव्या दिवशी तुमचाच हात टेकूकडे जाईल. मी तो मोह पाहिलाय.

डिप्लोमा आणि दोन वर्षं अनुभव यावर महापालिकेचा सुपरवायझरचा परवाना निघतो. लहान प्लॉटवरच्या घरांची कामं स्वतःच्या सहीने करता येतात. तो आधी काढा.

कनिष्ठ अभियंता
सार्वजनिक बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंत्याची वेतनश्रेणी एस-१४ आहे, ३८,६०० ते १,२२,८००. डिप्लोमा चालतो. खुल्या प्रवर्गाला वय ३८ पर्यंत, तेव्हा वेळ आहे. पण जाहिरात कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून नोकरी सोडून अभ्यासाला बसू नका. मी साइटवर असतानाच रोज पहाटे दीड तास अभ्यास करायचो. तिसऱ्या प्रयत्नात लागलो.

बार्शीकर२८
सगळ्यांचे खूप आभार. एजंटला आज नाही म्हणून सांगितलं. ताई, बिलं आमच्याकडे कोणीच तपासत नाही, मालक नुसती सही करतात. जेवणाच्या सुट्टीत फिटरकडून चौथ्या स्लॅबचं बिल मागून घेतलं आणि रात्री बसून बीबीएस काढलं. माझा आकडा ६.८ टन, बिलात ७.३. उद्या मालकांकडे जाऊ का?

मोजमापवाली
थांबा. चेअर, म्हणजे वरची जाळी उचलून धरणारे सळईचे तुकडे, धरल्यात का? तुळयांमधले स्पेसर, म्हणजे सळयांच्या थरांत अंतर ठेवणारे तुकडे? पहिल्यांदा काढताना तेच राहून जातात. ते धरून पुन्हा आकडा काढा. तरी फरक राहिला तर आधी फिटरला शेजारी बसवून त्याच्यासोबत मोजा, मग मालकांकडे जा. शीट मला पाठवा, उद्या रात्री बघते.