मदत हवी आहे: नमनाच्या जुन्या डीव्हीडी, दर्जा न घालवता

मंडळी,

रत्नागिरीकडच्या आमच्या वाडीच्या नमनाचं, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याचं, जुनं चित्रीकरण डीव्हीडींवर आहे. कॅमेऱ्याच्या कॅसेटी उरलेल्या नाहीत, म्हणजे या डिस्क हीच आता मूळ प्रत. यातले मृदंगवाले आणि गवळणीत मावशी करणारे काका आज हयात नाहीत, म्हणून घाई आहे.

लॅपटॉपवर विंडोज नाही, लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअरच हवंय, कारण पुढे हे काम मंडळातली पोरं करतील आणि त्यांना क्रॅक केलेलं काही द्यायचं नाही.

मुंबईकरांसाठी मोबाइलवर चालणारी फाइल हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरने छान होते. डीइंटरलेस चालू ठेवलं की नाचताना दिसणाऱ्या आडव्या रेघा जातात. पण हँडब्रेक डीव्हीडी बनवत नाही, आणि वाडीतली वयस्कर माणसं अजून टीव्हीखालच्या प्लेअरवरच बघतात. त्यांच्यासाठी गण, गवळण, वग असा मेनू असलेली नवी डिस्क करायची आहे.

अडचणी दोन:

१. एक डिस्क शेवटच्या भागात अडकते. साधी कॉपी तिथेच बंद पडते.

२. डीव्हीडीवरच्या व्हिडिओ_टीएस फोल्डरमधल्या व्हीओबी फाइली (चित्र-आवाज यांतच असतो) १ जीबीला तुटलेल्या आहेत, वग मध्येच कापला जातो. त्या जोडून मेनू लावताना चित्र पुन्हा कॉम्प्रेस होऊ द्यायचं नाही. आधीच एमपीईजी-२ या कॉम्प्रेस केलेल्या रूपात आहे, आणखी उतरलं तर चेहरे ओळखू येणार नाहीत.

प्रतिसाद

आधी अडकणारी डिस्क. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे शेवटचा भाग कडेला असतो आणि बोटं तिथेच लागतात. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. मग जीएनयू डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचणारं सॉफ्टवेअर वापरा, ब्लॉक २०४८ बाइटचा ठेवा. ते आधी चांगला भाग उचलतं आणि खराब जागा मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं. ती मॅप फाइल अजिबात पुसू नका! तीच फाइल आणि तीच आयएसओ (अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल) घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा चालवा, फक्त राहिलेल्या जागाच वाचल्या जातील. एका ड्राइव्हला न जमलेलं दुसऱ्याला पुष्कळदा जमतं.

मेनूसाठी डीव्हीडीस्टायलर हे डीव्हीडी बनवणारं सॉफ्टवेअर. प्रकल्पाला पाल हे आपल्याकडचं टीव्ही मानक निवडा (७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम). एका प्रयोगाच्या सगळ्या व्हीओबी क्रमाने एकाच टायटलमध्ये घाला आणि गुणधर्मांत व्हिडिओ, ऑडिओ दोन्हींना 'कॉपी' द्या. चित्राला हात लागत नाही. गण, गवळण, वग यांना चॅप्टर देऊन बटणं त्यांना जोडा. देवनागरी अक्षरं इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पार्श्वचित्र म्हणून लावली तर जोडाक्षरं फुटायचा प्रश्नच येत नाही.

साध्या डिस्कवर ४.७ जीबीच मावतं. मूळ डिस्क भरलेली असेल तर मेनू साधा, स्थिर चित्राचा ठेवा. के३बी या डिस्क लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरने बर्न करताना वेग कमी ठेवा आणि पडताळणीची खूण करा.

आणि आयएसओ दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा.

धागाकर्ता

मनापासून आभार. मॅप फाइलचं माहीतच नव्हतं. शेजाऱ्यांच्या जुन्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह चालू आहे, राहिलेल्या जागा त्यावर वाचून बघतो. वग पूर्ण मिळाला की इथेच कळवतो.