मदत हवी आहे: कंडेन्सर बदलला तरी पंखा हळूच फिरतोय

हॉलमधला सीलिंग फॅन जुना आहे, साधारण ७५ वॅटचा. आधी बटण दाबलं की नुसता गुणगुणायचा, काठीने पात्याला ढकललं की मग फिरायचा. ही लक्षणं कंडेन्सरची, म्हणून मेन स्विच बंद करून वरची वाटी सोडवली आणि जुन्यावर छापला होता तसाच २.५ एमएफडी (मायक्रोफॅरड), ४४० व्होल्टचा नवीन बसवला. आता ढकलावं लागत नाही, पण ५ वरही वारा ३ सारखाच. रेग्युलेटर बायपास करून पाहिला, फरक शून्य.

बंद असताना हाताने फिरवला तर एक-दोन फेऱ्यांत थांबतो आणि बारीक खरखर येते. मला बेअरिंगचा संशय आहे. कोपऱ्यावरचा मेकॅनिक मात्र न उघडताच "वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) गेलं, रिवाइंड करा" म्हणतो. (त्याच्या लेखी सगळ्यांचं वाइंडिंगच गेलेलं असतं!) तासभर चालल्यावर मोटर गरम होते, पण जळका वास नाही.

तर, वाइंडिंग ठीक आहे की नाही हे मल्टिमीटरने घरी कसं तपासायचं? तीन वायरींत कुठे किती रेझिस्टन्स यायला हवा? आणि पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) नसताना शाफ्टवरून बेअरिंग काढायची काही युक्ती? हातोडीने ठोकायची हिंमत होत नाहीये.

नवीन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा घे, वीज निम्म्याहून कमी लागते, हे माहीत आहे. पण आधी हा शंभर-दोनशेत सुधारतोय का ते बघायचंय.