कॅश फॉर क्लंकर्स, २००९ : डीलरचे पैसे नेमके कुठे अडकत होते?

हिशेबनीस_नाशिक

नमस्कार मंडळी. जुनी गाडी मोडीत काढून नवीवर सूट देण्याचा विषय निघाला की कोणीतरी अमेरिकेच्या ‘कॅश फॉर क्लंकर्स’चा दाखला देतंच. योजना चांगली की वाईट हा वाद मला नको, त्यातला हिशेब समजून घ्यायचा आहे. ग्राहकाला ३,५०० किंवा ४,५०० डॉलरची सूट डीलरने काउंटरवरच द्यायची आणि नंतर सरकारकडे मागायची, अशी पद्धत होती असं वाचलं. मग मधल्या काळात ते पैसे कोणाच्या खिशातले? दावे इतके परत का आले? आणि जुन्या गाडीचं इंजिन डीलरनेच ‘मारायचं’ म्हणजे वर्कशॉपमध्ये प्रत्यक्ष काय करायचं? माहीतगारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कागदी_घोडा

पैसे डीलरच्याच खिशातले. बाकी सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी तारखा बघा. कायद्यावर सही झाली २४ जून २००९ ला आणि १ जुलैपासूनची विक्री पात्र धरली गेली. पण सविस्तर नियम जुलैच्या चौथ्या आठवड्यात आले आणि दावे घेणारी संगणक प्रणाली सुरू झाली २७ जुलैला. म्हणजे २ जुलैला गाडी विकणाऱ्या डीलरने पंचवीस दिवस नुसतं बसून राहायचं. शिवाय ग्राहकाच्या सहीचा अधिकृत फॉर्म नियमांबरोबरच आला, त्यामुळे आधीच्या ग्राहकांना सहीसाठी पुन्हा बोलवावं लागलं. नवी गाडी घेऊन गेलेला माणूस परत सही करायला किती उत्साहाने येतो, हे शोरूमवाल्यांना सांगायला नको.

आता रोकड. शोरूममधल्या गाड्या बहुतेक ‘फ्लोअर प्लॅन’च्या कर्जावर उभ्या असतात. गाडी विकली की काही दिवसांत त्या गाडीचं कर्ज सावकाराला फेडावंच लागतं. विकूनही नाही फेडलं तर त्याला ‘आउट ऑफ ट्रस्ट’ म्हणतात आणि सावकार लगेच किल्ल्या मागतो. इथे ग्राहकाच्या बँकेकडून सूट वजा जाऊन रक्कम आली, उरलेले ४,५०० सरकारकडून यायचे, पण सावकाराला पूर्ण रक्कम आजच हवी. छोट्या गाडीवर डीलरला सुटणारा नफा या ४,५०० पुढे किरकोळ असतो. त्यामुळे गाडी विकली की त्या दिवशी गल्ल्यातून पैसे बाहेर जायचे. असे चाळीस सौदे केले की १,८०,००० डॉलर अडकले, आणि धंदा जितका जोरात तितकी चणचण मोठी. इथे व्याज दुय्यम आहे, खेळतं भांडवलच आटतं.

परिपूर्ण दावा आल्यापासून दहा दिवसांत थेट बँक खात्यात पैसे, असं सरकारचं म्हणणं होतं. सगळी मेख ‘परिपूर्ण’ या शब्दात. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क परिसरातल्या डीलरांच्या संघटनेने सांगितलं की तिचे निम्मे सदस्य पैसे रखडल्यामुळे योजनेतून बाहेर पडले आहेत. जनरल मोटर्सने तर आपल्या डीलरांना सरकारी पैसे येईपर्यंत उचल देऊ केली.

परत येणाऱ्या फायलींमध्ये अडचणी त्याच त्या होत्या. जुनी गाडी किमान वर्षभर त्याच मालकाच्या नावावर नोंदलेली आणि वर्षभर सलग विमा असलेली हवी. ग्राहक विम्याचं चालू कार्ड आणायचा, ज्यावर फक्त सहा महिन्यांचा काळ. मागच्या सहा महिन्यांचा पुरावा नाही, फाइल परत. विम्याच्या कागदावर चासी नंबर नाही, परत. मालकीपत्र नवऱ्याच्या नावावर आणि नवी गाडी बायकोच्या, परत. स्कॅन अस्पष्ट, परत. आणि परत येताना नेमकं काय चुकलं ते स्पष्ट कळायचंच असं नाही, ही डीलरांची मोठी तक्रार होती. दुरुस्त करून पुन्हा चढवली की पुन्हा थांबणं आलं.

ऑइल_चेंबर

इंजिनाचं मी सांगतो. नियमांच्या परिशिष्टात पायरी-पायरीने दिलं होतं.

औषध म्हणजे सोडियम सिलिकेट, बोलीभाषेत ‘लिक्विड ग्लास’. प्रमाण ४० टक्के सोडियम सिलिकेट, ६० टक्के पाणी. आधी इंजिन ऑइल पूर्ण काढायचं आणि ड्रेन प्लग परत घट्ट बसवायचा. मग गाडी जिथे कायमची उभी करायची तिथे नेऊन लावायची, कारण नंतर ती स्वतःहून हलणार नाही. गर्दीत हे विसरलं की मेलेली गाडी नेमकी लिफ्टच्या तोंडाशी अडकते आणि ती ढकलायला चार माणसं लागतात. ऑइल भरायच्या तोंडातून दोन क्वार्ट, म्हणजे साधारण १.९ लिटर द्रावण ओतायचं. गॉगल आणि रबरी हातमोजे सक्तीचे, कारण द्रावण अल्कधर्मी असतं. झाकण लावून गाडी चालू करायची आणि सुमारे २,००० आरपीएमवर धरायची. ऑइल पंपच ते द्रावण सगळ्या बेअरिंगपर्यंत पोचवतो. उष्णतेने पाणी उडतं, काचेसारखा थर उरतो, तो घासत घासत इंजिन जाम करतो. साधारण तीन ते सात मिनिटं लागतात. शेवटी शेवटी आरपीएम पडायला लागतो, तेव्हा ॲक्सिलरेटर वाढवत २,००० टिकवायचा. पण लवकर उरकावं म्हणून त्याच्या फार वर न्यायचा नाही, इंजिन फुटलं तर जवळ उभा असलेला माणूस जखमी होईल.

बंद पडलं म्हणजे झालं असं नाही, आणि इथेच चूक व्हायची. किमान एक तास गार होऊ द्यायचं, मग पूर्ण चार्ज बॅटरी किंवा जंप लावून पुन्हा सुरू करून बघायचं. आयडलिंगवर चाललं तर परत तीच प्रक्रिया. कमजोर बॅटरीमुळे स्टार्टर फिरला नाही आणि ‘इंजिन मेलं’ अशी नोंद केली, तर ती खोटी नोंद. शेवटी इंजिनावर लेबल चिकटवायचं की या योजनेतलं हे इंजिन ऑइलऐवजी सोडियम सिलिकेटवर चालवून आतून निकामी केलेलं आहे.

एवढा खटाटोप का? इंजिन शाबूत राहिलं तर तीच गाडी दुसऱ्या गावात पुन्हा रस्त्यावर येते. हातोड्याने ब्लॉक फोडला तर ऑइल सांडतं आणि माणसालाही लागतं. या पद्धतीत जे काही व्हायचं ते आतल्या आत होतं.

हिशेबनीस_नाशिक

दोघांचेही आभार, फारच उपयोगी. दोन उपप्रश्न. इंजिन मारल्यावर दावा नामंजूर झाला तर डीलरकडे काय उरतं? आणि भंगाराचे पैसे कोणाला?

भंगारभाव

पहिल्याचं उत्तर : काहीच उरत नाही. दावाही गेला आणि जी गाडी लिलावात हजार-दोन हजार डॉलरला गेली असती ती आता वजनावर विकायची. म्हणून सावध डीलर मंजुरीचा निरोप येईपर्यंत इंजिनाला हातच लावत नसत, गाड्या मागच्या आवारात नुसत्या उभ्या. त्याची वेगळी किंमत होती, जागेची. शंभरेक गाड्या महिनाभर उभ्या करायच्या तर नव्या गाड्यांचा ट्रक कुठे उतरवणार? शेजारचं मैदान भाड्याने घ्यायचं. त्यांच्या किल्ल्या, नंबरप्लेट आणि मालकीपत्रं वेगळ्या कपाटात ठेवावी लागत, कारण एखाद्या पोऱ्याने घाईत चुकीच्या गाडीत द्रावण ओतलं तर मागे येणं नाही.

भंगाराबद्दल नियम स्पष्ट होता. अंदाजे भंगारमूल्य डीलरने ग्राहकाला सांगायचं, त्यातले ५० डॉलरपर्यंत कार्यालयीन खर्च म्हणून ठेवायचे, उरलेलं ग्राहकाचं. शिवाय कंपनीची एरवीची सूट सरकारी रकमेत जिरवायची नाही, दोन्ही वेगळ्या दाखवायच्या. बिलावर एकाच ओळीत ‘एकूण सूट’ लिहिली की तपासणाऱ्याला शंका आलीच.

मालकीपत्रावर दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत ही गाडी या योजनेतली भंगार गाडी आहे असा शेरा मारायचा. मोडणाऱ्याने १८० दिवसांत गाडी चेपायची किंवा तुकडे करायचे. तोवर दरवाजे, सीट, दिवे, टायर विकायला हरकत नाही. इंजिन ब्लॉक मात्र अजिबात नाही. गिअरबॉक्स, शाफ्ट वगैरे सुटे करून विकता येत होते. पण जुन्या गाडीत सगळ्यात जास्त पैसे इंजिनाचे, तेच गेल्यावर बरेच भंगारवाले या गाड्यांना फार भाव देत नसत, आणि ग्राहकाला सांगितलेला आकडा डीलरला अंगावर घ्यावा लागायचा. म्हणून अंदाज हात राखून सांगायचा.

मायलेज_मास्तर

पात्रतेबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. जुनी गाडी चालू स्थितीत, २५ वर्षांच्या आतली आणि सरकारी एकत्रित (शहर आणि महामार्ग मिळून) आकड्यानुसार १८ मैल प्रति गॅलन किंवा कमी, म्हणजे लिटरला साधारण साडेसात किलोमीटर. नवी कार किमान २२ ची आणि छापील किंमत ४५,००० डॉलरपर्यंत. दोन कारमधला फरक ४ ते ९ असेल तर ३,५००, दहा किंवा जास्त असेल तर ४,५००. ट्रक आणि एसयूव्हींना वेगळी, सैल मोजपट्टी.

खड्डा असा की ग्राहक गाडीच्या काचेवरचा जुना आकडा धरून यायचा, आणि ग्राह्य धरला जायचा तो पर्यावरण खात्याच्या संकेतस्थळावरचा सुधारित आकडा. त्यातच योजना सुरू होता होता खात्याने काही मॉडेलांचे आकडे बदलले. काल पात्र असलेली गाडी आज १९ वर गेली. अनुभवी डीलर म्हणूनच सौद्याच्या दिवशी त्या पानाची छापील प्रत काढून फाइलमध्ये लावत.

आणि संगणक प्रणालीवर सगळं खापर फोडणं मला पटत नाही. ती वारंवार कोलमडली हे खरंच, विक्री २४ ऑगस्टला रात्री ८ ला बंद झाली तरी दावे चढवायची मुदत २५ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. पण मूळ दुखणं रकमेच्या टोपीत, म्हणजे ठरलेल्या कमाल मर्यादेत होतं. १ अब्ज डॉलरची तरतूद, आणि ती संपेपर्यंत किंवा १ नोव्हेंबरपर्यंत योजना, जे आधी होईल ते. सरासरी सूट ४,२०० धरली तर ही रक्कम अडीच लाखांहून कमी गाड्यांची. आठवडाभरातच ती संपत आल्याची बोंब झाली, मग ७ ऑगस्टला आणखी २ अब्जांवर सही झाली. किती शिल्लक आहे हे डीलरला कळत नव्हतं, कारण शोरूममध्ये ठरलेले पण न चढवलेले सौदे कोणाच्याच वहीत नव्हते. मग प्रत्येकजण ‘आधी सौदा, कागद नंतर’ करणार. अर्धवट फायली, त्यामुळे परतावणी, त्यामुळे तपासणाऱ्यांवर दुप्पट काम. तपासणारे शेकड्यांवरून हजारांवर न्यावे लागले. शेवटी सुमारे ६ लाख ७८ हजार सौदे मान्य झाले आणि २.८५ अब्ज वाटले गेले, पण तोवर डीलरांचा जीव टांगणीला.

नंतरचा महिनाही हिशेबात धरा. ऑगस्टमध्ये अमेरिकेत वाहनविक्रीचा वार्षिक वेग १ कोटी ४० लाखांच्या घरात होता, सप्टेंबरमध्ये ९२ लाखांच्या आसपास. बरेच ग्राहक पुढच्या महिन्यांतले इकडे ओढले गेले होते. कोरोला, सिव्हिक, फोकस यांचा साठा संपलेला, आवारात जमा झालेल्या जुन्या एक्सप्लोररची रांग, आणि थकबाकी यायची बाकी.

कागदी_घोडा

टोपीचा मुद्दा मान्य. त्यातून डीलरांनी केलेला एक उपाय सांगतो : ‘दावा नामंजूर झाल्यास सवलतीची रक्कम ग्राहकाने भरावी’ असं वेगळं पत्र सही करून घेणं. अशा अटींवर त्या काळात बरीच टीका झाली. आणि वसुली व्यवहारात अवघडच, कारण गाडी ग्राहकाच्या दारात आणि त्याची जुनी गाडी तुमच्याकडे मेलेली. त्यापेक्षा सौद्याआधी पूर्ण फाइल हातात घेणं आणि एकावेळी किती सौदे उघडे ठेवायचे याची स्वतःची मर्यादा ठरवणं, हे ज्यांनी केलं ते तरले. मर्यादा साधी : बँकेतल्या मोकळ्या रकमेला ४,५०० ने भागा.

हिशेबनीस_नाशिक

आपल्याकडची पद्धत यात कुठे वेगळी पडते?

भंगारभाव

मोडण्याचं काम डीलरकडे नाही, हा मोठा फरक. गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात जाते, ते मालकाला ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ देतं, भंगाराचे पैसेही तेच देतं. डीलर फक्त प्रमाणपत्र बघतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपन्यांनी जी सूट मान्य केली ती प्रवासी गाड्यांसाठी एक्स-शोरूम किमतीच्या दीड टक्का किंवा २०,००० रुपये, यातलं जे कमी ते, आणि तीही तेव्हा एका वर्षापुरती. चालू महिन्याचं कंपनीचं परिपत्रक बघितल्याशिवाय ग्राहकाला आकडा सांगू नका.

कारकुनांनी दोन ठिकाणी लक्ष द्यावं. सप्टेंबर २०२१ च्या नियमांत प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षं आहे, पण कंपन्यांची ही सूट मागच्या सहा महिन्यांत मोडलेल्या गाडीवरच होती. ग्राहक वर्षभरापूर्वीचं प्रमाणपत्र घेऊन आला तर त्याला रस्ता कराची सवलत राज्याच्या नियमाप्रमाणे मिळू शकेल, कंपनीची मिळणार नाही. दुसरं, त्या सवलतीत एक्सचेंज बोनस आणि स्क्रॅपेज सूट दोन्ही एकत्र नव्हत्या. विक्रेत्याने कोटेशनमध्ये दोन्ही टाकली तर एकीचा दावा कंपनी फेटाळणार आणि तो फरक शोरूमच्या खात्यावर बसणार.