कुरव बघायला मार्चअखेरच गाठा

"थंडी संपली, आता किनाऱ्यावर कुरव (म्हणजे सीगल) कुठले?" असा प्रश्न पडला असेल. उलट खरी मजा आत्ताच आहे. हिवाळाभर या पक्ष्यांचं डोकं पांढरं असतं, कानामागे फक्त एक काळपट ठिपका. मार्चमध्ये तेच डोकं चॉकलेटी होऊ लागतं. दापोलीजवळच्या हर्णै-आंजर्ल्याला एकाच थव्यात कोरी पांढरी, अर्धवट ठिपक्यांची आणि पूर्ण रंगलेली डोकी शेजारी-शेजारी दिसतात.

तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा कुरव यांत गोंधळ होतोच, कारण 'काळं' डोकंही खरं तर तपकिरीच. डोळा बघा. पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट असतो, दुसऱ्याचा गडद. उडताना पहिल्याच्या पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके चमकतात. हाच तपकिरी डोक्याचा कुरव पुढे लडाख-तिबेटच्या तळ्यांकाठी घरटी करतो. आपल्या वाळूवरून थेट तिकडे! मला दरवर्षी याचं तितकंच नवल वाटतं.

जायची वेळ तिथीवरून काढा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे साधारण भरतीची वेळ. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला (पंधरावी तिथी) सव्वाअकरा-बाराच्या सुमारास भरती, आणि सकाळी सहाच्या आसपास ओहोटी. ओली वाळू उघडी, ऊन मागून, थवा निवांत.

एक कळकळीची विनंती. फोटोसाठी थवा उडवू नका, मुलांनाही मागे धावू देऊ नका. इतक्या लांबच्या उड्डाणासाठी ते अंगात चरबी साठवत असतात. दुर्बीण घेऊन वाळूत बसून राहा, थोड्या वेळाने तेच जवळ सरकतात.